दोन महिन्यांनी हुकलेली पेन्शन: कामगारांची ईपीएस-९५ योजना नेमकी चालते कशी?

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा असेल तर वरचं बटण दाबून ऐका.)

आजचा विषय ऐकून तुमच्यातले अर्धे जण पुढचा एपिसोड लावणार, हे मला माहीत आहे. विषय आहे पेन्शन. पंचवीस वर्षांच्या पोराला पेन्शनबद्दल सांगणं म्हणजे जून महिन्यात स्वेटर विकणं. पण पाचच मिनिटं थांबा, कारण मी सुरुवात माझ्या मामापासून करणार आहे.

माझा मामा दारव्हा तालुक्यातला. शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. शेतीवर भागेना म्हणून एप्रिल २००३ मध्ये तो एका सूतगिरणीत लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये काम सुटलं. म्हणजे नोकरी झाली नऊ वर्षं चार महिने. काम सुटल्यावर कोणीतरी सांगितलं, फॉर्म भर, सगळा पैसा मोकळा होतो. मामाने फॉर्म भरला. पीएफ मिळाला, आणि पेन्शनच्या खात्याचे म्हणून अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास वेगळे मिळाले. घरावर नवे टिन पडले, मामीची एक उधारी फिटली. सगळे खूश.

मग जानेवारी २०१५ मध्ये मामा दुसऱ्या कारखान्यात लागला. तिथे सात वर्षं आठ महिने काढले. ते काम सुटल्यावर पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा सगळा पैसा मोकळा.

२०२४ मध्ये मामा अठ्ठावन्न वर्षांचा झाला. त्याच्यासोबत सूतगिरणीत लागलेल्या एका दोस्ताची पेन्शन सुरू झाली होती. मामा मला म्हणाला, "पोरी, मोबाईलवर पाय बरं, माही कधी चालू होते?" मी पाहिलं. मामाची पेन्शन कधीच चालू होणार नव्हती. सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन शून्य.

मला वाटलं, काहीतरी घोटाळा असेल. घोटाळा काहीच नव्हता, सगळं नियमाने झालं होतं. फक्त तो नियम मामाला कोणी सांगितला नव्हता. आज तोच तुम्हाला सांगणार आहे.

आधी हे समजून घ्या: तुमच्या पगारातून काय कापतात?

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला, दुकानाला, संस्थेला पीएफचा कायदा लागू होतो. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या १२ टक्के तुमच्या पगारातून कापले जातात. हे सगळेच्या सगळे तुमच्या पीएफमध्ये जातात.

मालकालाही तेवढेच १२ टक्के भरावे लागतात. पण ते दोन ठिकाणी जातात. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के तुमच्या पीएफमध्ये. वरून केंद्र सरकार १.१६ टक्के पेन्शनमध्ये टाकतं.

या पेन्शन योजनेचं नाव कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे आपण जिला ईपीएस-९५ म्हणतो ती. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती लागू आहे. त्याआधी १९७१ पासून फक्त कुटुंब पेन्शनची योजना होती. म्हणजे कामगार गेला तर मागच्यांना पैसे, पण कामगाराला स्वतःला म्हातारपणी काही नाही.

आता यात एक मर्यादा आहे. पेन्शनसाठी तुमचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. तुम्हाला पंचवीस हजार मिळत असले तरी पेन्शनमध्ये जाणार १५,००० चे ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. अजून एक गोष्ट. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचा पगार सुरुवातीलाच १५,००० च्या वर होता, तो या पेन्शनमध्ये येतच नाही. त्याचे मालकाकडचे सगळे पैसे पीएफमध्ये जातात.

पीएफ म्हणजे तुमची गुल्लक. त्यात तुमचं नाव, तुमची रक्कम, तुमचं व्याज. पेन्शन म्हणजे गावाची सामाईक विहीर. सगळे तिच्यात पाणी टाकतात आणि वेळ आली की ठरलेल्या मापाने ज्याला त्याला पाणी मिळतं. "माझ्या पेन्शनच्या खात्यावर व्याज किती झालं?" असं बरेच जण विचारतात. उत्तर आहे, व्याज नाही. तिथे रक्कम मोजत नाहीत, वर्षं मोजतात.

ते माप काय आहे?

सूत्र एका ओळीचं आहे. सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०.

सरासरी पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, अर्थात मर्यादेच्या आत. समजा तुमची सरासरी १४,००० आणि नोकरी २० वर्षं. १४,००० गुणिले २० म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. भागिले ७०, म्हणजे ४,००० रुपये महिना. आणि वीस वर्षं पूर्ण करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात तर दोन वर्षं बोनस म्हणून जास्त धरतात. म्हणजे २२ वर्षं, पेन्शन ४,४००.

ज्यांची नोकरी २०१४ च्या आधीपासून आहे त्यांचा हिशेब दोन तुकड्यांत होतो. १ सप्टेंबर २०१४ पर्यंतच्या वर्षांना ६,५०० ची मर्यादा आणि पुढच्या वर्षांना १५,००० ची. घरी बाबांचा, काकांचा हिशेब कराल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर आकडा उगाच मोठा येईल आणि मग घरात वाद.

पेन्शन सुरू होते अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आधी जितकी वर्षं, तितक्या वर्षांना दरवर्षी ४ टक्के कपात. उलट साठपर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ.

आता मामाची गोष्ट जिथे अडकली ती अट. पेन्शनसाठी किमान १० वर्षं नोकरी लागते. आणि वर्षं मोजताना सहा महिने किंवा त्याहून जास्त असले तर पूर्ण वर्ष धरतात, कमी असले तर सोडून देतात.

म्हणजे नऊ वर्षं सहा महिने झाले की झाली दहा. नऊ वर्षं चार महिने झाले की राहिली नऊ.

मामाला पहिल्या नोकरीत दोन महिने कमी पडले. फक्त दोन महिने!

पण खरी चूक ती नव्हतीच

इथे कान टवकारा. दोन महिने कमी पडले ते मामाच्या हातात नव्हतं, कामच सुटलं होतं. पण त्यानंतर जे झालं ते हातात होतं.

दहा वर्षं व्हायच्या आत नोकरी सुटली तर तुमच्यापुढे दोन वाटा असतात. दोन्हींचा फॉर्म एकच, फॉर्म १०सी. पहिली वाट, पैसे काढून घ्या. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे एका वर्षाला साधारण एका महिन्याच्या पगाराइतके मिळतात. मामाला नऊ वर्षांचे मिळाले, नऊ-साडेनऊ महिन्यांच्या पगाराएवढे. पैसे हातात आले की ती नऊ वर्षं पुसली गेली.

दुसरी वाट, स्कीम सर्टिफिकेट. पैसे काढायचे नाहीत, फक्त एक प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर लिहिलेलं असतं की या माणसाची इतकी वर्षं नोकरी झाली आहे. पुढे दुसरीकडे लागलात की ती वर्षं नव्या वर्षांत मिळवली जातात. मधे दोन-अडीच वर्षं घरी बसलात तरी चालतं.

मामाने हे केलं असतं तर? पहिली नऊ वर्षं चार महिने, दुसरी सात वर्षं आठ महिने. बेरीज बरोबर सतरा. दुसऱ्या नोकरीत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सरासरी बारा हजार होता. पहिल्या तुकड्याचे ६,५०० च्या मर्यादेने सुमारे ८६७ रुपये, दुसऱ्याचे सुमारे १,३१४. दोन्ही मिळून महिन्याला २,१८० च्या आसपास. मामा असेपर्यंत त्याला, आणि मामाच्या मागे मामीला त्याच्या निम्मे, तीही असेपर्यंत.

मी हा हिशेब मामाला कागदावर करून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "तवा टिनाची गरज होती ना बाई. पाणी गयत होतं घरात." मी गप्प. खरंच होती गरज. मी फक्त विचारलं, "मामा, पीएफचे पैसे तर वेगळे मिळाले होते ना? टिन त्यातून झाले असते." तर म्हणे, "दोन्हीबी येकच हाये असं वाटलं मले. कोनं सांगतलंच नाही."

दोन्ही एकच आहे असं वाटलं. हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलंय, काय सांगू! पीएफ काढलात म्हणून पेन्शनची वर्षं काढायलाच पाहिजेत असं काही नाही. दोन फॉर्म वेगळे, दोन निर्णय वेगळे.

आपल्या जिल्ह्यात हे कोणाला लागू होतं?

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत काम करणारे, सूतगिरणीवाले, खासगी दवाखाने, शोरूम, सिक्युरिटीवाले, सगळे यात येतात. ठेकेदाराकडून लागलेले असाल तरी पीएफ लागू आहे. ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी आहे आणि ती ठेकेदाराच्या बिलातून ते वसूल करू शकते.

एसटीचे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिकसुद्धा याच ईपीएस-९५ मध्ये आहेत. लोकांना वाटतं एसटी म्हणजे सरकारी, मग पेन्शन जोरदार असेल. तसं नाही. २०२१-२२ च्या संपात विलीनीकरणाची मागणी एवढी जोरात का होती, त्याचं एक कारण इथे सापडेल.

आता जिनिंग आणि साखर कारखान्यावाल्यांनी नीट ऐका. तुम्ही म्हणाल, आम्ही तर वर्षातले चार-पाच महिनेच कामावर, आमची दहा वर्षं व्हायला पंचवीस वर्षं लागतील. नाही लागणार. हंगामी कारखान्यात हंगामी म्हणून नोकरीला असाल, तर एका वर्षात जेवढा हंगाम काम केलं ते पूर्ण एक वर्ष धरायचं, असा योजनेतच नियम आहे. दहा हंगाम म्हणजे दहा वर्षं. हे माहीत नसल्यामुळे किती लोक सात-आठ हंगामांवर पैसे काढून मोकळे होतात!

आणि वणी, मारेगावकडचे कोळसा खाणीतले मित्र, तुमची गोष्ट वेगळी. वेकोलित काम करणाऱ्यांना ईपीएस-९५ लागू नाही. तुमच्यासाठी १९४८ च्या कायद्याखाली कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी आहे, त्याचं मुख्यालय धनबादला. पेन्शन योजना आहे १९९८ ची. तिचं सूत्र वेगळं, हप्ता वेगळा. खाणीतल्या ठेकेदारी कामगारांनाही तोच निधी लागू आहे. पण एक दुखणं दोन्हीकडे सारखंच: एकदा पेन्शन ठरली की महागाई वाढते, पेन्शन वाढत नाही.

युनियनचा यात काय संबंध?

खूप आहे. पेन्शन कशावर ठरते? मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर. पगार बारा हजार, पण स्लिपवर मूळ पगार सहा हजार आणि बाकी सहा हजार वेगवेगळ्या भत्त्यांच्या नावाने, असं असेल तर तुमचा पीएफ अर्धा आणि पेन्शनही अर्धी. म्हणून युनियन जेव्हा पगारकरार करते तेव्हा नुसतं "किती वाढले" विचारू नका. "मूळमध्ये किती वाढले?" हे विचारा. सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलेलं आहे.

मग ही योजना फायद्याची आहे का?

खरं सांगू? एका बाजूने नाही, एका बाजूने हो.

समजा तू आज पंचवीस वर्षांचा आहेस आणि अठ्ठावन्नपर्यंत १५,००० च्या मर्यादेवर सलग ३३ वर्षं भरलेस. बोनस धरून ३५ वर्षं. १५,००० गुणिले ३५ भागिले ७० म्हणजे ७,५०० रुपये महिना. आजच्या नियमाने अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारी ही जवळपास कमाल पेन्शन. तेहेतीस वर्षांनंतर ७,५०० मध्ये काय येईल ते तूच ठरव. तेच महिन्याचे १,२५० जर ८ टक्क्यांनी तेवढी वर्षं वाढले असते तर २४ लाखांच्या आसपास गेले असते, आणि त्याच दराने नुसतं व्याजच महिन्याला सोळा हजार आलं असतं. म्हणजे बचत म्हणून पाहिलं तर ही योजना कमजोर आहे. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही सप्टेंबर २०१४ पासून. गॅस सिलेंडर आणि बीपीच्या गोळ्यांत संपते. ती ७,५०० करा आणि वर महागाई भत्ता द्या, म्हणून पेन्शनधारक वर्षानुवर्षं आंदोलन करताहेत. त्यातलं मोठं आंदोलन बुलडाण्यातूनच उभं राहिलं.

पण दुसरी बाजू बघा. नोकरीवर असताना कामगार गेला, आणि पेन्शनचा एकच महिन्याचा हप्ता भरलेला असला, तरी त्याच्या बायकोला पेन्शन मिळते. दहा वर्षांची अट तिथे नाही. किमान १,०००, आणि पगारानुसार जास्त. शिवाय दोन मुलांना प्रत्येकी आईच्या पेन्शनच्या पंचवीस टक्के, पंचवीस वर्षांचे होईपर्यंत. शिवाय पीएफसोबत एक विमाही असतो, जास्तीत जास्त ७ लाखांचा, त्याचा हप्ता मालक भरतो. सत्तावीस वर्षांची पोरगी, कडेवर लेकरू, तिच्यासाठी हे पैसे किती मोलाचे आहेत? ते व्याजाच्या हिशेबात बसत नाहीत.

म्हणून माझं मत सांगते. ही पेन्शन म्हणजे म्हातारपणाचं पूर्ण जेवण नाही, भाकरी आहे. भाजीची सोय आपली आपण करायची. पण हातातली भाकरी टाकून द्यायची नाही.

आजच्या आज करायची पाच कामं

मोबाईल हातात आहेच. हा भाग संपला की रील बघायच्या आधी एवढं करा.

एक. उमंग ॲप किंवा ईपीएफओच्या साईटवर तुमच्या यूएएन नंबरने पासबुक उघडा. पेन्शनचा कॉलम वेगळा असतो. दर महिन्याला तिथे रक्कम पडते का बघा. पगारातून कापतात आणि भरत नाहीत, असं दिसलं तर सहा महिने थांबू नका, लगेच विचारा.

दोन. सर्व्हिस हिस्ट्री बघा. प्रत्येक नोकरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे का? मामाचं काय झालं ते ऐकलंत. इथे दोन महिन्यांची चूक म्हणजे आयुष्यभराची पेन्शन. सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता.

तीन. नोकरी बदलली की काढू नका, ट्रान्सफर करा. एक यूएएन, एकच. नव्या ठिकाणी दुसरा काढू देऊ नका. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात जुन्या पेन्शनची रक्कम शून्य दिसली तर घाबरू नका. पैसे विहिरीतच आहेत, वर्षं तुमच्या नावावर आली की झालं.

चार. ई-नॉमिनेशन भरा. लग्नाआधी आईचं नाव टाकलं असेल तर लग्नानंतर ते नॉमिनेशन चालत नाही, नव्याने करावं लागतं. आधार, पीएफ आणि बँक, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. आपल्याकडे आधारवर जन्मतारीख १ जानेवारी किती जणांची आहे, हात वर करा!

पाच. दहा वर्षं व्हायच्या आत नोकरी सुटली आणि पुढे कुठेतरी लागायची शक्यता असेल, तर फॉर्म १०सीमध्ये स्कीम सर्टिफिकेट निवडा. पैशांची अडचण असेल तर आधी पीएफ काढा. पेन्शनच्या वर्षांना हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

आणि घरात कोणी अठ्ठावन्नचं होत असेल तर फॉर्म १०डी भरून द्या. पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावी लागते. सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला, तोही आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. जानेवारी २०२५ पासून कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत पेन्शन घेता येते.

जाता जाता

मागच्या महिन्यात मामाच्या पोराची, म्हणजे माझ्या मामेभावाची नोकरी सुटली. गोदामात होता, सहा वर्षं झाली होती. मामाने त्याला फॉर्म भरायला एकटं जाऊच दिलं नाही. सोबत गेला, नेट कॅफेतल्या पोराच्या डोक्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "ते सर्टिफिकेटवालं टाक. पैशेवालं नाही." पोरगा म्हणे, काका, पैसे लगेच येतात ना. मामा म्हणाला, "येतात आन् जातातबी. तू सर्टिफिकेट टाक."

मामाची पेन्शन गेली ती गेली. पण भावाची सहा वर्षं शाबूत आहेत. अजून चार राहिली, आणि शेवटचे सहा महिने नियम माफ करतो, म्हणजे साडेतीनच.

तुमची किती झाली? आज पासबुक उघडा, मोजा आणि कमेंटमध्ये सांगा. आणि हा भाग घरातल्या त्या माणसाला ऐकवा, ज्याला अजून वाटतं की पीएफ आणि पेन्शन एकच आहे. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर काळजी घ्या. राम राम!